गोणपाट

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी शेरेबुकांमध्ये किती शेरे लिहिले, त्याची मोजदाद नाही. त्यातला एक मात्र अजून शब्दशः पाठ आहे. ‘मुले वर्गाबाहेर आढळली. सेविकेने वर्ग नियोजनानुसार घ्यावा. मदतनिसाने मुलांना झाडावर चढू देऊ नये.’ खाली माझी सही, हुद्दा मुख्यसेविका, महिना जानेवारी, साल १९८९. अक्षर वळणदार होतं. त्या वयात मला माझ्या अक्षराचा फार अभिमान होता.

ज्या मदतनीस बाईविरुद्ध तो शेरा होता, तिच्या ऋणाबद्दल मला लिहायचं आहे. डहाणू तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर ती अंगणवाडीत होती. पाडा तिला मावशी म्हणायचा, पुढे मीही तेच म्हणू लागले. तिचं नाव लिहीत नाही. लिहू का, असं विचारायला ती आता नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. गृहविज्ञान घेऊन पदवी झाली, परीक्षा दिली, निवड झाली आणि नाशिकची मी थेट समुद्राकाठच्या तालुक्यात येऊन पडले. एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा इतिहास मला तोंडपाठ होता: २ ऑक्टोबर १९७५, देशभरात ३३ प्रकल्प, सहा सेवा. लहान मूल मात्र मी कधी नीट पाहिलं नव्हतं. शाळा म्हणजे चार भिंती, फळा, ओळीत बसलेली मुलं, आणि तीन वर्षांच्या मुलाची शाळा म्हणजे त्याचीच छोटी प्रत, अशी माझी समजूत होती. माझ्याकडे वीस-बावीस अंगणवाड्या होत्या. एसटी जाईल तिथपर्यंत एसटीने, पुढे पायी.

त्या सकाळी पोचले तेव्हा थंडी होती. अंगणवाडीची खोली दहा बाय बाराची, वर पत्रा, खिडकी नाही. आत कोणी नव्हतं. सेविका वजनाचं रजिस्टर घेऊन दोन घरं पलीकडे गेली होती. समोरच्या आंब्याखाली, उन्हात, पंचवीसेक मुलं पसरली होती. काही ओहोळातून आणलेल्या वाळूत बसलेली, काही पत्र्याच्या डब्यांना पाडलेल्या भोकांतून पाणी गळताना बघत होती. एक पोर आंब्याच्या खालच्या फांदीवर होतं आणि मावशी झाडाखाली उकिडवी बसून तांदूळ निवडत होती. मला बघून ती उठली, आतून एक गोणपाट आणलं, झटकलं आणि झाडाच्या मुळाजवळ अंथरलं.

“बसा, बाय.”

मी बसले नाही. साडी नवी होती, पुढे आणखी दोन अंगणवाड्या करायच्या होत्या आणि मुख्य म्हणजे तपासायला आलेल्या माणसाने खाली बसायचं नसतं, असं मला वाटत होतं. मी उभ्याने विचारलं, “मुलं बाहेर कशी?” ती म्हणाली, “आत गार हाय.” हे उत्तर पुरेसं होतं. मला ते उद्धट वाटलं. फांदीवरच्या मुलाकडे बोट दाखवून मी म्हटलं, “पडलं तर जबाबदार कोण?” यावर ती काहीच बोलली नाही. सेविका धापा टाकत आली, मी शेरा लिहिला आणि निघाले. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

त्या पंधरा मिनिटांचं काय झालं ते मला चार वर्षांनी कळलं.

मधल्या काळात मी चांगली अधिकारी म्हणून गणली जाऊ लागले होते. माझे मासिक अहवाल वेळेवर जात, रकाने भरलेले असत. कोसबाड माझ्या तालुक्यातच होतं. तिथल्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघ राहतात, त्यांना पद्मश्री मिळाली आहे, हे मला माहीत होतं. जाऊ एकदा, असं म्हणत राहिले. २७ सप्टेंबर १९९२ ला अनुताई गेल्या. ती बातमी मी कचेरीत बसून ऐकली आणि समोरच्या अहवालावर ‘अंगणवाडी’ हा शब्द लिहिता लिहिता थांबले. रोज पन्नास वेळा लिहीत असलेला हा शब्द कुठून आला, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मग त्यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मिळवून वाचलं. ताराबाई मोडकांबद्दल जे मिळेल ते वाचलं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेल्या, शहरातल्या सुशिक्षित घरांत मानानं बोलावल्या जाणाऱ्या ताराबाई १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, बोर्डीला गावातल्या मुलांसाठी येऊन राहिल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिक्षिका झालेल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा या दोघी वस्तीत गेल्या. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग तिथेच कोणाच्या तरी अंगणात गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून चिंचोके, शिंपले, गोटे, पानं, काड्या, माती यांचीच साधनं झाली. मोठं-लहान, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत, सगळं आवारातच सापडत होतं.

१९५७ मध्ये काम कोसबाडला हललं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, तर ती गुरं राखतात. मग शाळाच गुरांमागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. मोठी बहीण शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटा आहे. मग शाळेला जोडूनच बालवाडी आणि पाळणाघर. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं, एवढंच साधं सूत्र. मी हे सगळं रात्री जागून वाचलं आणि मला त्या पाड्यावरचा आंबा आठवला. ताराबाई-अनुताईंनी ज्या अंगणात शाळा मांडली, त्याच अंगणातून मी ती उठवून पत्र्याच्या खोलीत कोंबली होती. कागदावर शब्द त्यांचा होता, नियम माझा.

लाज वाटली, तरी मी लगेच बदलले असं नाही. वाचून माणूस इतक्या सहज बदलत नाही. बदलायला १९९३ चा पावसाळा यावा लागला.

शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरलं होतं. आमच्याकडेही वजनं, श्रेणी, घरभेटी यांची धावपळ होती. मी त्या पाड्यावर वजनं घ्यायला गेले. काट्याला लटकवलेल्या झोळीत एकेक मूल बसत होतं, सेविका आकडा सांगत होती, मी तक्त्यावर ठिपका देत होते. एका मुलाचा ठिपका मागच्या महिन्याइतकाच आला. ठीक आहे, म्हणत मी पुढचं नाव घेतलं. मावशी मागून म्हणाली, “यानं तीन दिस वाळूत हात नाय घातला.”

मला समजेना. ती पुन्हा म्हणाली, “खेळं ना. बसून राहतं.”

तिच्या आग्रहाखातर सेविकेने त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. अंगात ताप मुरलेला होता, पोट बिघडलेलं होतं. औषधं झाली, मूल वाचलं. दोन दिवस उशीर झाला असता तर काय, ते मला सांगता येणार नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की माझा काटा ‘ठीक’ म्हणत होता. मूल आजारी पडलं की आधी खेळ थांबतो, वजन नंतर उतरतं. हे मावशीला ठाऊक होतं, कारण ती रोज त्यांना खेळताना बघत होती. मुलं खोलीत ओळीने हाताची घडी घालून बसली असती, तर कोण खेळत नाही हे तिला कळलं असतं का? ओळीत तर सगळीच गप्प बसतात.

त्या दिवशी मी पहिल्यांदा सेविकेला सरळ विचारलं, “माझ्या त्या शेऱ्यानंतर काय केलंत?” ती आधी टाळत राहिली. मग म्हणाली, “बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून दीड-दोन वर्षं आतच बसवत होतो. नंतर नंतर हळूहळू बाहेर काढली.” आत बसवल्यावर हजेरी कमी झाली होती, ती माझ्या अहवालात ‘स्थलांतरामुळे’ म्हणून गेली होती. आणि एक मुलगी यायची बंद झाली होती. सात-आठ वर्षांची. तिचं नाव पटावर नव्हतं, कारण अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतची. कडेवरच्या भावाला घेऊन ती यायची, त्याला वाळूत सोडायची आणि स्वतः डब्यांशी खेळायची, चार गाणी शिकायची. दहा बाय बाराच्या खोलीत या दोघांना जागा नव्हती. ती पटावर नव्हती, म्हणून तिचं न येणंही कुठे नोंदलं गेलं नाही. मी चौकशी केली तेव्हा ती आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. मी तिला परत कधी पाहिलं नाही. ज्या मुलीसाठी बालवाडी आणि पाळणाघर निघालं, नेमकी तीच मुलगी माझ्या वळणदार अक्षराने अंगणाबाहेर घालवली होती. हे कर्ज फिटणारं नाही. ते इथे कबूल करणं एवढंच माझ्या हातात आहे.

त्यानंतर मी तिथे बसायला लागले. महिन्यातून एकदा, दीड-दोन तास, आंब्याच्या मुळाशी. मावशी शिकवत नव्हती, शिकवते असं तिच्या मनातही नव्हतं. ती तांदूळ निवडायची, खिचडी टाकायची, कोणाचं नाक पुसायची. मीच तिच्याकडे बघून शिकत होते.

पहिली गोष्ट झाडाची. माझ्या समोर एक चार वर्षांचा मुलगा फांदीला हात पोचेना म्हणून रडत होता. मी उठून त्याला उचलणार, तेवढ्यात मावशीने मान हलवली. “नको चढवू, बाय. चढवला तं पडंल. आपून चढला तं आपून उतरंल.” मुलगा रडून थांबला. मग एक दगड ढकलत आणला. दगड डगमगला, तो उतरला, दुसरा आणला. त्या दिवशी त्याला जमलं नाही. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा तो फांदीवर बसला होता. ज्या झाडावर चढण्याइतकी ताकद मुलाच्या अंगात आली, त्यावरून उतरण्याचं भानही चढता चढता त्याला आलेलं असतं. मोठ्यांनी उचलून वर ठेवलेल्या मुलाला उंची मिळते, भान मिळत नाही. आणि मावशी निष्काळजी मुळीच नव्हती. तांदूळ निवडत ती बरोबर त्या फांदीखालीच बसायची, हे माझ्या पहिल्या भेटीतही माझ्या डोळ्यांसमोर होतं. उभ्याने बघताना मला फक्त फांदी दिसली, खाली बसलेली बाई दिसली नाही.

दुसरी गोष्ट डब्यांची. तिने खिळ्याने तीन डब्यांना भोकं पाडली होती. एकाला तळाशी, एकाला मध्यावर, एकाला वर. मला तो निव्वळ पाण्याचा नाश वाटायचा. बसल्यावर दिसलं की एक मुलगी वरच्या भोकावर बोट ठेवते, काढते, पुन्हा पाणी भरते, डबा तिरका करते. कुठल्या डब्यात पाणी किती उरतं, हे तिने स्वतःच शोधून काढलं आणि दुसरीला दाखवलं. ‘कमी-जास्त’ या पाठासाठी मी सेविकांना तक्ते रंगवायला लावत होते.

तिसरी गोष्ट भांडणाची. दोघांत एकच करवंटी. मी लगेच न्याय करायला धावणार. मावशी थांबायची. मारामारी हाताबाहेर चालली तरच उठायची. बहुतेकदा तोवर तिसरं मूल करवंटीत वाळू भरून ‘भात’ वाढायला लागलेलं असायचं, आणि भांडणारे दोघे जेवायला बसलेले असायचे.

हे सगळं सोपं, सुंदर होतं असं मात्र मी म्हणणार नाही. पाड्यावरचे आईबाप मला विचारायचे, “खेळायला तं घरीबी खेळतात, इथं शिकवा काय तरी.” त्यांचं चुकत नव्हतं. अक्षर न आल्यामुळे जमिनीच्या कागदांवर अंगठे दिलेली ती माणसं होती. त्यांना मी सांगू लागले की चिखल मळणारी बोटंच उद्या पेन्सिल धरतील, गोट्यांच्या रांगा लावणारंच उद्या हिशेब मांडेल. काहींना पटलं, काहींना नाही.

खरं सांगायचं तर मलाही ते पुरतं पटलं नव्हतं. ते पटलं माझ्या मुलामुळे.

तो १९९२ चा. साडेतीन वर्षांचा झाल्यावर मी त्याला गावातल्या एका खाजगी बालवर्गात घातलं. तिथे पहिल्याच महिन्यापासून पाटीवर अक्षरं गिरवायची होती. दुसऱ्यांच्या मुलांच्या खेळाबद्दल पाड्यापाड्यांवर बोलणारी मी, माझ्या मुलाची वही दुसऱ्यांच्या वहीशी ताडून पाहत होते. तो मागे पडत होता. मी संध्याकाळी त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेऊ लागले. मग सकाळी त्याला उलट्या होऊ लागल्या. रविवारी होत नव्हत्या. कारण कळायला डॉक्टरची गरज नव्हती, तरी मी दोन डॉक्टर केले.

एकदा त्याला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून भेटीला बरोबर नेलं. तो माझ्या पदराला धरून तासभर उभा होता. मावशीने त्याला बोलावलं नाही, नाव विचारलं नाही. जाताना एक भोकाचा डबा त्याच्याजवळ ठेवून गेली. पुढच्या शनिवारी त्याने स्वतःच विचारलं, “तिकडे जायचं?” मी रजा टाकून त्याला घेऊन जाऊ लागले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो वाळूत बसला. पाऊस सुरू झाल्यावर चिखलाचे बैल झाले, बैलांना शिंगं झाली, शिंगांना काड्या लागल्या. बालवर्गातून मी त्याचं नाव काढलं. घरात त्यावरून वाद झाले. वर्षभर तो काही ‘शिकला’ नाही. सहाव्या वर्षी पहिलीत गेला तेव्हा पेन्सिल त्याने घट्ट, नीट धरली. तो फार हुशार निघाला असं मला सांगायचं नाही. साधाच मुलगा आहे. सकाळच्या उलट्या थांबल्या, एवढंच. आईला तेवढं पुरतं.

एकदा मी मावशीला विचारलं, “तू हे कुठे शिकलीस?” तिला प्रश्नच समजला नाही. ती लहानपणी शेळ्या राखत होती, कधी शाळेत गेली नव्हती. कोसबाडची टेकडी तिने लांबून पाहिली होती. म्हणजे पुस्तक वाचून मी जिथे पोचू पाहत होते, तिथे ती आधीपासूनच होती. मला वाटतं, ताराबाई-अनुताईंनीही अशा बायांकडून बरंच घेतलं असणार. शहरातून आणलेलं शास्त्र अंगणात टिकलं, ते अंगणातल्या माणसांनी त्याला जागा दिली म्हणून.

पुढच्या वर्षांत माझ्या शेऱ्यांची भाषा बदलली. ‘सूचना’ या रकान्याऐवजी मी काय पाहिलं ते लिहू लागले: कोण काय खेळत होतं, किती वेळ, कोण बाजूला बसलं होतं. पहिल्यांदा असा शेरा लिहिला तेव्हा सेविका म्हणाली, “बाई, सूचना लिहायची राहिली.” वरिष्ठांनीही एकदोनदा विचारलं. प्रत्येक ठिकाणी मी हे करू शकले नाही. बदल्या झाल्या, काही केंद्रांत मीच पुन्हा तक्त्यांच्या मागे लागले, काही अंगणवाड्यांना टाइल्सच्या इमारती आल्या आणि फरशी खराब होते म्हणून वाळू बाहेर गेली. शेवटच्या वर्षी सेविकांच्या हातात पोषण ट्रॅकरचं ॲप होतं. काम त्याने सोपं केलं, पण ‘वाळूत हात घातला नाही’ याचा रकाना त्यातही मला सापडला नाही. आता व्हॉट्सॲपवर मला डेन्मार्क-जर्मनीतल्या जंगलातल्या बालवाड्यांची चित्रं येतात, पावसात रेनकोट घालून चिखलात लोळणारी मुलं. बघून आनंद होतो. मनात येतं, आपल्याकडे याला कुरणशाळा म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्या बाया आपल्याच होत्या.

२०२२ मध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभानंतरच्या आठवड्यात त्या पाड्यावर गेले. मावशीचं काम सुटून बरीच वर्षं झाली होती. डोळ्यांनी अधू, पण मला आवाजावरून ओळखलं. तेहतीस वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, “मावशी, पहिल्या वेळी मी तुझ्याविरुद्ध शेरा लिहिला होता. चुकलं माझं.”

तिने थोडा वेळ आठवून बघितलं. शेरा तिला ठाऊकच नव्हता. तिला वाचता येत नव्हतं आणि सेविकेने तो तिला कधी वाचून दाखवला नव्हता. फक्त मुलं आत बसवायची, एवढंच सांगितलं होतं. मग तिच्या ओठांवर हसू आलं.

“त्या दिशी तू बसली नाय,” ती म्हणाली. “मी गोणपाट टाकलेलं.”